काजूच्या डोंगरावर रंगाची झाडं: एका एकराचं गणित

आमच्या घरामागचा डोंगर काजूचा. आजोबांनी लावलेल्या काजी आता म्हाताऱ्या झाल्यात, निम्म्या खोडकिड्यानं पोखरल्यात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात असे डोंगर घरोघरी आहेत. तिथं रंगाची झाडं, म्हणजे ज्यांच्यापासून कापडाचा रंग निघतो ती, लावायला घेतली तेव्हा शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "कित्याक रे हो उपद्व्याप? काजी लाय." त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. काजू दरवर्षी हातात पैसे देतो, रंग तसा देत नाही. म्हणून चांगल्या काजी आम्ही ठेवल्या. मेलेल्यांच्या जागा आणि मधली मोकळी जमीन तेवढी रंगाला दिली.

हा लेख तशाच एका एकरासाठी आहे. नियम एकच धरलाय: झाडाचं जे गळतं, जे एरवीही छाटावं लागतं किंवा जे दुसरं कुणी फेकून देतं, त्यातूनच रंग काढायचा. जिवंत झाडाची साल सोलायची नाही, मूळ खणायचं नाही, गाभ्यासाठी झाड पाडायचं नाही. नैसर्गिक रंगांच्या जुन्या पाककृती बघितल्या तर निम्म्याअधिक सालीच्या आणि मुळांच्याच आहेत. त्या तशाच उचलल्या तर नाव 'निसर्गस्नेही' आणि काम खैराच्या तस्करीसारखं, असं होऊन बसतं.

पहिलं वर्ष: रोप लावू नका, कापड रंगवा

बहुतेक लोक उलट करतात. आधी रोपं आणतात, तीन वर्षांनी शेंगा येतात आणि मग रंग कसा काढायचा ते शोधत बसतात. तुम्ही आधी एक हंगाम फुकटच्या मालावर काढा. गोव्यात तो ढिगानं पडलाय.

सुताराकडे फणसाचा भुसा मागा. फणसाचा गाभा पिवळा असतो, त्यातला मोरिन हा रंगद्रव्याचा घटक सुती कापडावर सुरेख पिवळा उतरतो. ब्रह्मदेश आणि थायलंडमधल्या बौद्ध भिक्षूंची चीवरं पूर्वी याच लाकडानं रंगवत. भुसा निव्वळ फणसाचा हवा. सागवान किंवा अकेशिया मिसळला की रंग मळकट येतो. काजूच्या कारखान्यात गरावरची तांबूस साल पोत्यानं निघते, तिच्यात टॅनिन, म्हणजे कापडाला रंग धरवणारं तुरट द्रव्य, भरपूर असतं. रस्त्याकडेच्या बेहड्याखाली, म्हणजे आमच्या गोटिंगाखाली, उन्हाळ्याच्या तोंडावर फळांचा खच पडतो. पावसाच्या सुरुवातीला सागवानाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लाल होतो. मुलांना हा खेळ माहीत असतो, मोठी माणसं विसरतात.

आता प्रत्यक्ष कृती. शंभर ग्रॅम सुती कापड धरा.

कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. नव्या कापडाची खळ आणि तेल त्याशिवाय निघत नाही, आणि ते निघालं नाही तर पुढचं सगळं वाया. नंतर वीस ग्रॅम हिरड्याची किंवा बेहड्याची पूड गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात बुडवा. सकाळी पिळून, न धुता, सावलीत वाळवा. मग पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड त्यात तासभर ठेवा. तिकडे शंभर ग्रॅम भुसा आदल्या रात्रीच भिजत घातलेला असावा. तो तासभर उकळून जाड फडक्यातून गाळा. गाळलेल्या पाण्यात कापड पाऊण तास मंद आचेवर ठेवा, खळखळ उकळू देऊ नका. आच बंद केल्यावर कापड त्याच पाण्यात गार होऊ द्या. शेवटचे चार-पाच तास घाईत कापले की रंग फिका पडतो, हे मी तीन वेळा करून बघितलंय.

सुरुवातीला आमचा पिवळा येईचना. येई तो शेवाळी, राखेरी. तुरटी बदलली, भुसा बदलला, काही फरक नाही. दोष बोअरवेलच्या पाण्यात होता. आपल्या जांभ्या जमिनीत लोह ठासून भरलंय, खाणपट्ट्यात तर विचारूच नका. टॅनिनला लोह भेटलं की काळपट रंग तयार होतो. शाई पूर्वी याच रीतीनं करत. त्यामुळे रंगकामाआधी एक तपासणी कराच: काचेच्या पेल्यात तुमचं पाणी घ्या, चिमूटभर हिरड्याची पूड टाका, दहा मिनिटं थांबा. पाणी पिवळसर राहिलं तर चांगलं. निळसर-करडं झालं तर ते पाणी फक्त काळ्या-राखाडी रंगांना वापरा, उजळ रंगांसाठी पावसाचं पाणी साठवा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. छपराखाली एक टाकी ठेवली तरी लहान कामाला वर्षभर पुरते. रंगकाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात कापड वाळत नाही, त्याला बुरशी धरते.

रंगवलेल्या प्रत्येक तुकड्याचा निम्मा भाग पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस उन्हात टांगा. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक किती, ते वहीत लिहा. कुठलं झाड किती लावायचं हे ठरवताना हीच वही कामाला येते.

कागद आणि जमीन

गोव्यात जमिनीची गोष्ट कागदापासूनच सुरू करावी लागते. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद, काढा आणि तुमचं नाव नेमकं कुठल्या रकान्यात आहे ते बघा. सत्तरीत मोकाशाची (इनामाची) आणि आल्वाराची (पूर्वी सरकारनं कसायला दिलेली) जमीन, इतरत्र कोमुनिदादची (गावकरी संस्थेची), यात कसणारा एक आणि मालक दुसरा असं सर्रास असतं. तीस वर्षं उभं राहणारं झाड दुसऱ्याच्या जमिनीत लावण्याआधी लेखी करार हवा. सर्व्हे क्रमांक खाजगी वनांच्या यादीत आहे का, तेही विचारा. सरकारच्या सावंत आणि करापूरकर समित्यांनी अशा जमिनी शोधून नोंदवल्या आणि तो विषय वर्षानुवर्षं गाजतोय. यादीत असेल तर तिथं लागवड, छाटणी, रस्ता, सगळ्याचे नियम बदलतात.

झाड तोडायला १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो. स्वतः लावलेलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही. आपण पाडणारच नाही हे खरं, पण कुंपणाला लावायच्या पतंग नावाच्या काटेरी झाडाची जाड फांदी तोडतानाही वन खात्यात आधी विचारलेलं बरं. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांतून फळ, साल, पान काहीही आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद आहे, आणि खाली पडलेलं होतं ही सबब चालत नाही.

विभागीय कृषी कार्यालयातून कृषी कार्ड नसेल तर करून घ्या. बहुतेक अनुदानाची वाट तिथूनच जाते. माती तपासायची तर जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा. आपली माती आम्ल निघणार हे तपासण्याआधीही सांगता येतं.

सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं पठार, असेल तर मात्र हात आखडा. उन्हाळ्यात काळाठिक्कर, उजाड दिसणारा सडा बघून पुष्कळांना तिथं झाडं लावायची हुक्की येते. पूर्वी अशा जागांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावून झालीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच सड्यावर जा. बोटभर मातीत सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली असतात, दवबिंदू नावाची किडे खाणारी रोपटी चमकत असतात. खड्डा खणून माती उपसली की ते गेलं. रंगाची झाडं उताराला लावा, सड्याला नको.

आधी काय उभं आहे ते मोजा

डोंगर दोनदा फिरा: एकदा दिवाळीच्या सुमारास पानं असताना, दुसऱ्यांदा शिगम्याच्या दिवसांत फुलं असताना. शिगम्यात पळस लांबून दिसतो, उतारावर धायटी लाल झालेली असते. आपलं राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे ऐन, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवरून ओळखू येतो. किंदळ त्याचाच भाऊबंद. ही सगळी झाडं रंगवाल्यांच्या यादीत आहेत, बहुतेक सालीसाठी. आपण साल काढणार नाही, पण वादळात मोडलेल्या फांदीची साल काढून वाळवायला काय हरकत आहे? प्रत्येक झाडाला चुन्यानं क्रमांक घाला आणि उभं आहे ते उभंच राहू द्या. झुडपं साफ करून 'स्वच्छ' डोंगर करायचा मोह होतो. पहिल्या पावसात माती व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जाते तेव्हा तो महागात पडतो.

व्हाळाच्या दोन्ही बाजूंना निदान दहा मीटर काहीच लावू नका, काहीच तोडू नका. सत्तरीत बांबरला निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातली झाडं गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत, गुडघ्यासारखी वाकलेली मुळं चिखलातून वर काढून. देवाची राय म्हणून कुणी कोयता लावला नाही, म्हणून ती राहिली. तुमच्या व्हाळाकाठी असलं काही नसेलही. पण तिथं काय उगवतं हे पाच वर्षं हात न लावल्याशिवाय कळत नाही.

झाडं कुठली

इथं सावकाश जाऊ, कारण सगळ्या चुका इथंच होतात. पहिली आमचीच. एका रोपवाटिकेत 'शेंदरीची रोपं द्या' म्हणून चाळीस रोपं आणली. दुसऱ्या वर्षी पानं निरखली आणि लक्षात आलं की हे झाडच दुसरं. मराठीत शेंदरी, शेंद्री, सेंदरी ही नावं दोन झाडांना लावतात. एक बिक्सा ओरेलाना, मूळची उष्ण अमेरिकेतली: हृदयाच्या आकाराचं पान, गुलाबी फूल, केसाळ लाल बोंड, आत शेंदरी लेपाच्या बिया. दुसरं मॅलोटस फिलिपेन्सिस, आपल्याच जंगलातलं, ज्याला कुंकुमफळही म्हणतात: पानाच्या बुडाशी तीन ठळक शिरा, पानाखाली बारीक तांबडे ठिपके, फळावर लाल भुकटी. दोन्ही रंगाचीच, पण काम वेगळं, वय वेगळं. रोप घेताना शास्त्रीय नाव सांगून घ्या आणि पावतीवर लिहून मागा. रोपवाटिकेवर रागावून उपयोग नाही, त्यांनी मागितलं तेच दिलं होतं.

या लेखात शेंदरी म्हणजे बिक्सा. ती लवकर येते, दोन-तीन वर्षांत बोंडं धरते. बियांवरचा केशरी रंग लोणी आणि चीजमध्ये जगभर वापरतात, त्यामुळे कपडा नाही तर खाद्यरंग, अशी दुसरी वाट राहते. कापडावर मात्र उन्हात फिकी पडते. आमच्या पुठ्ठ्याच्या चाचणीत ती सगळ्यात आधी हरली. पडद्याला नको, देवघरातल्या रेशमी वस्त्राला चालेल.

कुंकुमफळाची भुकटी रेशीम आणि लोकरीवर नारिंगी देते. सोड्याच्या पाण्यात ती उतरते, साध्या पाण्यात वर तरंगत राहते. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासूनच्या रोपांत निम्मी नर निघाली तर आश्चर्य नको. नराला फळ नाही, पण सगळे नर काढून टाकले तर मादीलाही फळ नाही. म्हणून रोपं थोडी जास्त लावा आणि फूल आल्यावर विरळणी करा.

निळ्यासाठी आपल्याकडे काळा कुडा आहे, राइटिया टिंक्टोरिया. मद्रास इलाख्यात याच्या पानांपासून एकेकाळी नीळ काढत असत. पांढऱ्या कुड्याशी गल्लत होते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाला चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्ट्या लोंबतात. पानांवर चालणारं झाड असल्यानं आपल्या नियमात चपखल बसतं. पण एक सांगतो, कुड्याची नीळ नवशिक्याच्या हाताला लवकर येत नाही. आधी नेहमीच्या निळीवर, इंडिगोफेरावर, हात बसवा. ती द्विदल असल्यानं ओळींच्या मधल्या जमिनीलाही बरी. फक्त आपल्या पावसात मुळं कुजतात, म्हणून जोर ओसरल्यावर, भाद्रपदात, उतारावर पेरा.

हिरडा घाटमाथ्याचा, आपल्याकडे कमी. तरी थोडे लावा. त्याच्या फळाच्या सालीत तीस टक्क्यांच्या वर टॅनिन असतं आणि सुती कापडाला रंग धरवण्याचं बहुतेक काम तेच करतं. बियांची आठळी दगडासारखी असते. गर काढून, कवच हलकेच तडकवून, भिजवून पेरली तरी उगवण कमी आणि सावकाश, म्हणून हवी त्याच्या तिप्पट पेरा. बेहडा आपोआप येतो, त्याला जागा मात्र मोठी द्या.

अंजनी पुष्कळांना ठाऊक नसते. देवराईत आणि सड्याच्या कडेला वाढणारं लहान, सदाहरित झाड, निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ खोडाफांदीला चिकटलेले. पानांतून पिवळा निघतो, दक्षिणेत चटया रंगवायला वापरत. वाढ कासवाची. लावून विसरून जा.

पतंग कुंपणाला. वाकड्या काट्यांचं हे झाड दाट लावलं तर गुरं आत येत नाहीत. गाभ्यातून लाल निघतो, त्याचं द्रव्य ब्राझिलीन. या लाकडाला मध्ययुगीन युरोपात 'ब्रेझिल' म्हणत. पुढे पोर्तुगीजांना अटलांटिकपलीकडे त्याच कुळातलं तसंच लाल लाकूड सापडलं आणि त्या लाकडावरून देशाचं नाव पडलं. आपल्या कुंपणाचं असं दूरचं नातं आहे. सहा-आठ वर्षांनी कुंपण छाटताना निघालेल्या जाड फांद्यांचाच गाभा घ्यायचा, बुंधा पुन्हा फुटतो. शेंगांत टॅनिन असतं, त्या दरवर्षी मिळतात आणि लोहाबरोबर चांगला काळा देतात. लाकडाचा लाल उन्हात टिकत नाही. कुणबी साडीचा तांबडा चौकडा नैसर्गिक रंगात करून द्या म्हणून विचारणा येते. पतंगाच्या भरवशावर हो म्हणू नका. धुण्यात आणि उन्हात टिकणारा लाल मंजिष्ठेचा किंवा बारतोंडीच्या मुळाचा. पूर्वी बारतोंडीची, म्हणजे आलाची, शेती करून तीन-चार वर्षांनी मुळं खणत. एका कोपऱ्यात पिकासारखी लावून खणायची असेल तर तो हिशेब वेगळा ठेवा, बाकीच्या झाडांत मिसळू नका.

कोकम लावा, पण रंगासाठी नको. सोलांचा लाल कापडावर दिसतो छान आणि पहिल्याच धुण्यात जातो. ते झाड आमसुलं आणि आगळ यांसाठी, म्हणजे रंग न विकलेल्या वर्षी घर चालवण्यासाठी. पारिजातक दोन-चार असू द्यावेत. पहाटे पडलेल्या सड्यातले नारिंगी देठ वेगळे करायला आमची आई बसते, पसाभर व्हायला तास जातो. धंदा म्हणून हे परवडत नाही. आणि उंबर दोन, त्यांच्याकडून रंग मागू नका. उंबरावर धनेश आणि तांबट येतात आणि त्यांच्या विष्ठेतून आपण न लावलेली झाडं डोंगरावर उगवतात.

आखणी आणि खड्डे

एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. ओळींत सहा मीटर आणि झाडांत चार मीटर धरलं तर १६८ जागा होतात. आमच्याकडे चाळीसेक जागा काजी, माट्टी, किंदळ यांनी आधीच धरलेल्या, उरल्या १२८. त्या अशा वाटल्या: शेंदरी ३५, काळा कुडा ३०, कुंकुमफळ १६, कोकम १५, अंजनी १२, हिरडा ८, बेहडा ६, पारिजातक ४, उंबर २. पतंग या हिशेबाबाहेर, हद्दीवर दोन-दोन मीटरवर. एकच झाड सलग दहाच्या वर लावायचं नाही. पुढच्या रोगाला आयतं ताट वाढून ठेवायचं कशाला?

ओळी उताराला आडव्या, समपातळीत. त्यासाठी महागडं यंत्र नको, गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. चैत्र-वैशाखात खड्डे खणा: मऊ जमिनीत ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल, चिरा लागला तर ६०. निघालेली वरची काळपट माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरचीच माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, पालापाचोळा आणि वाळवीसाठी मूठभर कडुनिंबाची पेंड. तांबडी माती खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी बांधून घ्या, पाणी तिथं थांबतं.

मिरग लागला म्हणून दुसऱ्याच दिवशी रोपं लावू नका. जमीन हातभर खोल भिजू द्या, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करा आणि जुलैच्या मध्याला थांबा. उशिरा लावलेल्या रोपाला मूळ धरायला पाऊस पुरत नाही.

पहिली तीन वर्षं

पाण्यापेक्षा आगीनं जास्त रोपं मरतात. काजूच्या हंगामाआधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची आपल्याकडे सवय आहे, आणि वारा कुणाचं ऐकत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि इतरत्रही डोंगर पेटले, ते सगळ्यांना आठवत असेल. दिवाळी झाली की गवत कापा. कापलेलं गवत तिथंच ढिगानं न ठेवता रोपांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, वर माती टाका. हद्दीवर चार मीटरचा पट्टा जमिनीपर्यंत साफ करा आणि मेपर्यंत दर महिन्याला झाडा. शेजाऱ्याला सांगा, तो जाळणार असेल त्या दिवशी कळव. आमच्या काकांनी एकदा कळवलं, एकदा विसरले. विसरले तेव्हा वीस शेंदरी गेल्या. त्यातल्या बाराएक मिरगाला बुंध्यातून पुन्हा फुटल्या, म्हणून करपलेलं रोप लगेच उपटू नका.

आच्छादन पावसाळ्यात घालू नका, खोड कुजतं. ऑक्टोबर योग्य. डिसेंबर ते मे पंधरा दिवसांनी दहा लिटर पाणी, बुडाला भोक पाडून वात घातलेल्या मडक्यातून. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी तोडा.

गव्यांना अडवणं शक्य नाही. राज्यप्राणी आहे आणि अंगानं आडदांड. तो खातो कमी, अंग घासून मोडतो जास्त. त्याच्या नेहमीच्या वाटेवर ओळ आखूच नका, वाट सोडून द्या. माकडांनी आमची शेंदरी आजवर फारशी छेडली नाही, कोकम मात्र वाटून खातो.

काढणी

शेंदरीचं बोंड तपकिरी होऊन तोंड उघडू लागलं की तोडा, साधारण डिसेंबर-जानेवारीत. ओलं तोडलं तर बिया चिकटून बुरशी येते. सावलीत वाळवा, काठीनं झोडा, हवाबंद डब्यात अंधारात ठेवा. हात दोन दिवस केशरी राहतात. लग्नाला जायचं असेल तर आधी जाऊन या.

कुंकुमफळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिकतं. फळं कापडाच्या पिशवीत घालून हलक्या हातानं आपटायची, भुकटी सुटते, बारीक चाळणीनं गाळायची. फळ फोडलं की बियांचा चुरा मिसळतो. वारा असेल त्या दिवशी हे काम घरातच.

काळा कुडा छातीएवढ्या उंचीवर छाटून झुडूपवजा ठेवा. तिसऱ्या वर्षापासून पावसाळ्याच्या शेवटी पानं काढा, पण एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. बेहडा आणि हिरडा जमिनीवर पडेल तेवढाच वेचा आणि तोही सगळा नको. चौथा हिस्सा खाली राहू द्या, साळिंदर आणि भेकरं खातात, उरतं ते रुजतं.

चूल आणि सांडपाणी

नैसर्गिक रंगाचं झाकून ठेवलेलं दुखणं म्हणजे सरपण. शंभर ग्रॅम कापडासाठी तीन वेळा पातेलं उकळतं. साडी रंगवायची तर किती लाकूड जातं ते एकदा वजन करून बघा, आणि मग किती झाडं लावली ते सांगा. आम्ही काजीच्या छाटणीचं लाकूड, नारळाची सोडणं आणि झावळ्या यांवरच भागवतो. भुसा आणि फळं उकळण्याआधी रात्रभर, शक्य तर काळ्या पत्र्याच्या डब्यात उन्हात, भिजवून ठेवतो. निम्मा अर्क आचेशिवाय उतरतो. शेंदरी आणि निळीला तर उकळायची गरजच नाही.

रंग पक्का करायला तुरटी आणि हिराकस (लोहाचा क्षार), बस. हिराकस शंभर ग्रॅम कापडाला दोन ग्रॅमच्या वर नको, धागा कमजोर होतो. त्याऐवजी गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात पंधरा-वीस दिवस आंबवून घेतलं तरी चालतं, वास मात्र घराबाहेर ठेवण्याजोगा. मोरचूद आणि बायक्रोमेट काही पुस्तकांत सापडतील. रंग खुलतो, पण ते पाणी कुठंही ओतण्यासारखं राहत नाही.

तुरटीचं पाणी दोन-तीनदा पुन्हा वापरा, थोडी तुरटी वाढवत. शेवटी उरलेलं सगळं एका खड्ड्यात, तळाला रेती आणि कोळसा, वर केळी आणि कर्दळ लावलेली. व्हाळापासून आणि विहिरीपासून लांब. चोथा वाळवून कुजत घाला.

विकायचं काय

पहिली तीन वर्षं कापडच विका, कच्चा माल नको. किलोभर बी विकणाऱ्याला भाव विचारणारा वेगळा, रंगवलेला रुमाल हातात घेऊन 'हा कशाचा रंग' विचारणारा वेगळा. चिठ्ठीवर झाडाचं नाव, कुठला भाग वापरला आणि रंग उन्हात किती टिकतो, ते खरं लिहा. आमच्या शेंदरीच्या दुपट्ट्यावर 'सावलीत वाळवा, दोन वर्षांत फिका होईल, पुन्हा आणून दिलात तर रंगवून देऊ' असं लिहिलेलं असतं. त्यामुळे गिऱ्हाईक पळत नाही, दोन वर्षांनी परत येतं.

वही मात्र सोडू नका. प्रत्येक पानावर कापडाचा तुकडा, तारीख, पाणी विहिरीचं की पावसाचं, झाडाचा चुन्याचा क्रमांक. एकाच ओळीतल्या दोन कुंकुमफळांचा रंग सारखा येत नाही. आमच्या नऊ नंबरच्या झाडाची भुकटी बाकीच्यांपेक्षा गडद आहे. यंदा त्याच्याच बिया पेरल्यात, आणि मांडवाखाली आतापर्यंत अकरा रोपं वर आली आहेत.